ज्युनियर आर्टिस्ट म्हणून उपजीविका होऊ शकते का? नागपूरहून एक विचारणा

इतवारीचा मुनीम

नमस्कार. मी नागपूरचा असून माझे वय २७ आहे. इतवारीतील किराण्याच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे मी पाच वर्षांपासून हिशेब लिहितो आणि महिन्याला अठरा हजार रुपये मिळवतो. घरी आई आहे आणि धाकट्या बहिणीचे शिक्षण संपत आले आहे. हा तपशील आधीच देतो, कारण तो ठाऊक नसताना दिलेला सल्ला हवेतला ठरेल.

दीड वर्षापूर्वी आमच्या शहरात एका हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण झाले आणि मित्राच्या ओळखीने मी तीन दिवस त्यात गर्दीतला माणूस, म्हणजे ज्युनियर आर्टिस्ट, म्हणून उभा राहिलो. उभा राहिलो असे म्हणतो खरे, पण प्रत्यक्षात चाललो, आणि तेही रस्त्याच्या एकाच पंचवीस पावलांच्या तुकड्यावर. हातात तागाची पिशवी, तिच्यात फुलकोबीचा गड्डा. नायिका रिक्षातून उतरली की पानटपरीपासून निघायचे आणि चपलांच्या दुकानापर्यंत जायचे. पहिल्या दिवशी हे सतरा वेळा झाले. बाराव्या खेपेनंतर जेवणाची सुट्टी झाली, परत आल्यावर मी पिशवी डाव्या हातात धरली, तेव्हा वॉकीटॉकी घेतलेली एक मुलगी धावत आली आणि म्हणाली की पिशवी उजव्या हातात होती आणि कोबीची पाने बाहेरच्या बाजूला होती. शंभर-सव्वाशे माणसांमध्ये माझ्या पिशवीतल्या कोबीची पाने कोणीकडे वळली आहेत, याची कोणीतरी नोंद ठेवत होते! त्या क्षणी मला जे वाटले, ते इतवारीच्या गादीवर पाच वर्षांत वाटलेले नाही.

दिवसाला सातशे रुपये ठरले होते. दोन दिवसांचे मिळाले, तिसऱ्या दिवसाचे अद्याप आलेले नाहीत आणि माणसे पुरवणारे गृहस्थ आता फोन उचलत नाहीत. चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात मी उजव्या खांद्यापुरता दिसतो, कोबी मात्र पूर्ण दिसते.

हे काम कायमचे करून पोट भरते का, गर्दीत उभे राहता राहता पुढे संवादाची भूमिका मिळते का, आणि त्यासाठी नागपूर सोडावेच लागते का, हे मला जाणून घ्यायचे आहे. प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे.

नालासोपारा फास्ट

मुनीमजी, मी मूळची नागपुरातल्या नंदनवनची, गेली नऊ वर्षे मुंबईत हेच काम करते आहे. आपण हिशेबाची माणसे, म्हणून हिशेबच आधी मांडते.

मी रोजचे काम वहीत लिहून ठेवते. मागील आर्थिक वर्षात मला १६१ दिवस काम मिळाले. दिवसाचे हजार रुपये ठरतात, त्यांतले शंभर रुपये को-ऑर्डिनेटर, म्हणजे माणसे पुरवणारा मध्यस्थ, ठेवून घेतो आणि हातात नऊशे येतात. म्हणजे वर्षाचे १,४४,९०० आणि महिन्याचे सरासरी बारा हजार. आपला पगार याहून अधिक आहे आणि तो महिन्याच्या महिन्याला मिळतो; माझे पैसे कधी दीड महिन्याने, तर कधी तीन महिन्यांनी येतात. नालासोपाऱ्यात आम्ही तिघी एका खोलीत राहतो. भाड्याचा माझा वाटा, लोकलचा पास, रिक्षा आणि घरचे जेवण वजा जाता पाच-साडेपाच हजार उरतात, त्यांतच साड्या, ब्लाउजची शिलाई आणि आजारपण भागवावे लागते. जुलैमध्ये सहाच दिवस काम होते. एखादी मालिका अचानक बंद झाली की तिच्यावर अवलंबून असलेल्या वीस-पंचवीस ज्युनियरांचा महिना कोरडा जातो, आणि ती बंद होणार हे आम्हाला चहावाल्याकडून कळते.

आता कामाची रीत सांगते. मुंबईत पुरुष ज्युनियरांची ज्युनियर आर्टिस्ट असोसिएशन आणि स्त्रियांचा महिला कलाकार संघ अशा दोन जुन्या संघटना आहेत व त्या पश्चिम भारतातील सिने-कामगारांच्या महासंघाशी जोडलेल्या आहेत. संवाद बोलणाऱ्या नटांची संस्था निराळी. तिला सगळे सिंटा म्हणतात. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या रचनेतच आहे. गर्दीतला माणूस आणि पात्र यांच्यामधली भिंत नुसती मनातली नाही, ती कागदावरही आहे. ज्युनियरांच्या संघटनेचे कार्ड नवख्या माणसाला सहज मिळत नाही आणि त्याचे शुल्क रोजंदारीवाल्याला जड जाते, त्यामुळे माझ्यासारख्या अनेकजणी कार्डाविना, को-ऑर्डिनेटरच्या भरवशावर मालिकांमध्ये काम करतात.

रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲपच्या गटावर निरोप येतो: ‘उद्या नायगाव, रिपोर्टिंग आठ, लग्नाचे पाहुणे, लेडीज बारा, वय २५ ते ४०, डिसेंट, साडी स्वतःची.’ यातला ‘डिसेंट’ हा आमच्या बाजारातला दर्जा आहे. जो माणूस श्रीमंताच्या मेजवानीत शोभेल तो डिसेंट, जो भाजीबाजारात शोभेल तो साधा, आणि भाव त्याप्रमाणे. आपल्याला कोबी दिली होती, त्यावरून आपला दर्जा कोणता ठरवला गेला, हे लक्षात आलेच असेल. राग मानू नये, मलाही पहिली दोन वर्षे मोलकरणीच्या रांगेतच बसवत असत. निरोपाला दोन मिनिटांत होकार कळवला नाही तर जागा जाते. सकाळी आठला पोहोचून पहिला शॉट दुपारी एकला लागणे नेहमीचेच आहे. बारा तासांच्या पाळीत कॅमेऱ्यासमोरचा वेळ तासभरसुद्धा नसतो, उरलेले अकरा तास जिन्याखाली बसून काढायचे असतात.

तरीही त्या तासाभरात एक कसब आहे, ते बाहेरच्याला दिसत नाही. मेजवानीच्या प्रसंगात मागे आम्ही बोलताना दिसतो, तेव्हा तोंडातून आवाज अजिबात निघता कामा नये, कारण पुढे नायकाचा संवाद ध्वनिमुद्रित होत असतो. हसायचे ते निःशब्द. बांगड्या किणकिणतात म्हणून दोन बांगड्यांच्या मध्ये केसांचे रबर अडकवायचे, चपलेच्या तळाला फोम चिकटवायचा. सकाळी ताटात वाढलेली पुरी संध्याकाळपर्यंत तीच असते. प्रत्येक टेकला तिचा तुकडा मोडल्यासारखे करायचे, पण मोडायचा नाही, कारण पुढच्या टेकला ती अखंड हवी. नवीन मुलगी भुकेपोटी पुरी खाते आणि बोलणी खाते.

शेवटची गोष्ट सर्वात महत्त्वाची, आणि ती कोणी सांगत नाही. आपला चेहरा एखाद्या मालिकेत ठळक दिसला, तर त्या मालिकेचे युनिट, म्हणजे चित्रीकरणाचा चमू, आपल्याला काही आठवडे बोलावत नाही, कारण काल लग्नात नवरीशेजारी उभी असलेली बाई आज इस्पितळात परिचारिका म्हणून दिसून चालत नाही. आमच्या भाषेत ‘चेहरा लागला’ असे म्हणतात. ज्याचा चेहरा लक्षात राहत नाही त्याला अधिक दिवस मिळतात. आपला खांदाच दिसला याचे वाईट वाटून घेऊ नका, या धंद्यात तो गुण आहे.

नऊ वर्षांत मला पाच वेळा एकेका वाक्याचा संवाद मिळाला. त्या दिवसाचे पैसे जास्त मिळाले. दुसऱ्या दिवशी मी परत पाहुण्यांमध्येच होते.

तालीम मास्तर

वरील ताईंनी लिहिले ते मन लावून वाचले. मी नागपुरात पंचवीसहून अधिक वर्षे हौशी रंगभूमीवर आहे. माझे मत स्पष्टच मांडतो: प्रश्नकर्त्याला ओढ अभिनयाची आहे आणि तो चौकशी करतो आहे ती गर्दीत उभे राहण्याची. या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि पहिली दुसरीतून निघत नाही.

या विषयावर नेहमी नवाजुद्दीन सिद्दीकी यांचे उदाहरण दिले जाते. १९९९ च्या ‘सरफरोश’मध्ये ते एका छोट्या प्रसंगात आहेत, तेथून ते वर आले, असे सांगितले जाते. परंतु त्यापूर्वी ते राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून बाहेर पडले होते, ही बाब सांगणारा सोयीस्करपणे विसरतो. शिवाय २०१२ मध्ये ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ येईपर्यंत मध्ये तेरा वर्षे गेली, तीही शिकलेल्या नटाची. नागपूरचे उदाहरण हवे असेल तर ‘झुंड’चे घ्या. नागराज मंजुळे यांनी त्या चित्रपटासाठी आपल्याच शहरातील वस्त्यांमधून मुले निवडली आणि त्यांपैकी अंकुश गेडाम यांना पुढे पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ती मुले व्यावसायिक नट नव्हती, हे खरे. पण ती गर्दीतून बढती मिळून पुढे आलेली नव्हती, तर भूमिकेसाठी शोधून निवडलेली होती. ज्या दिग्दर्शकाला नवा चेहरा हवा असतो तो ज्युनियरांच्या बसमध्ये शोधायला जात नाही. तो नाटकाच्या तालमीला येतो, वस्तीत फिरतो, महाविद्यालयांच्या एकांकिका पाहतो.

म्हणून माझा सल्ला असा, की नोकरी न सोडता संध्याकाळी एखाद्या संस्थेच्या तालमीला जायला लागावे. राज्य नाट्य स्पर्धेची नागपूर केंद्रावरील प्राथमिक फेरी साधारणतः नोव्हेंबर-डिसेंबरात होते, तिच्या तालमी दोन-अडीच महिने आधी सुरू होतात आणि चार वाक्यांच्या भूमिकेसाठी वेळेवर येणारा माणूस मिळत नाही, म्हणून दरवर्षी संस्था हैराण असतात. पैसे मिळणार नाहीत, उलट पेट्रोल स्वतःचे जाईल. मात्र आवाज रंगमंचावरून शेवटच्या रांगेपर्यंत कसा न्यायचा, समोरचा वाक्य विसरला तर प्रसंग कसा सावरायचा, हे शिकायला मिळेल. पुरी न मोडता मोडल्यासारखी दाखवण्यात हे येत नाही.

पैसे हवे असतील तर आपल्याच विदर्भात झाडीपट्टीची रंगभूमी आहे, हे आपण नागपूरकर का विसरतो, ते मला कळत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटके चालतात. शंकरपटाला (बैलांच्या शर्यतींना) किंवा मंडईला (गावच्या जत्रेला) माणसे लोटतात आणि रात्री त्याच गावात मांडवात नाटक उभे राहते. गडचिरोली जिल्ह्यातील वडशाला नाट्यमंडळांची कार्यालये आहेत, नटाला प्रयोगागणिक पैसे मिळतात आणि मोसमात सलग रात्री लागतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. काम सोपे नाही. तालीम तोकडी असते, पडद्याआडच्या प्रॉम्प्टरचे ऐकत बोलावे लागते, थंडीत पहाटेपर्यंत जागून तिसरा अंक तितक्याच जोराने करावा लागतो आणि दिवसा गाडीत झोपावे लागते. तरी तेथे आपल्या वाट्याला खांदा नव्हे, पूर्ण माणूस येतो.

नालासोपारा फास्ट

सर, आपण लिहिलेले बरेचसे मान्य आहे, पण शेवटून दुसऱ्या परिच्छेदातली पुरी लागली. बारा तासांत दहा वेळा तीच पुरी, तोच कोन, तेच हसणे, तेही कोणी आपल्याकडे पाहत नाही हे पक्के ठाऊक असताना, हे करून पाहावे आणि मग बोलावे. मी अभिनेत्री होण्यासाठी आले होते, हे खरे आहे. आता तसे म्हणत नाही. सध्या हे माझे काम आहे. सुतार नाटकाचा सेट उभारतो, त्याला कोणी विचारत नाही की तू नट केव्हा होणार. आम्हालाच का विचारतात?

मुनीमजींनी तालमीला जावे, याला माझा विरोध नाही. मलाही नऊ वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

तालीम मास्तर

ताई, शब्द जास्त गेला, मागे घेतो. सुताराचा मुद्दा बिनतोड आहे.

मानेवाडा रिंगरोड

माझा अनुभव थोडक्यात लिहितो, कारण आठवले की अजूनही चरफड होते. तीन वर्षांपूर्वी शहरातील एका हॉटेलात ‘मालिकेसाठी ऑडिशन’ असल्याची जाहिरात मोबाइलवर पाहून मी गेलो. ऑडिशन दीड मिनिटाची झाली, टाळ्या वाजल्या, ‘सिलेक्ट’ असे सांगण्यात आले आणि नंतर पोर्टफोलिओ, नोंदणी व ‘आर्टिस्ट कार्ड’ यांसाठी अकरा हजार रुपये भरायला लावले. माझ्यासोबत त्या दिवशी चाळीसेक मुले होती आणि एकही नापास झाला नव्हता, तेथेच शंका यायला हवी होती. पंधरा छायाचित्रे मिळाली, ती अजून कपाटात आहेत. कार्ड घेऊन मुंबईला गेलो तेव्हा अंधेरीच्या आराम नगरमध्ये, जेथे ऑडिशनची कार्यालये ओळीने आहेत, तेथील एका मुलाने ते उलटसुलट पाहिले आणि विचारले, ‘हे कुठल्या जिमचे?’

भूमिकेसाठी निवड करणारा उमेदवाराकडून पैसे घेत नसतो. त्याचे पैसे निर्माता देतो. को-ऑर्डिनेटर आपला वाटा काम झाल्यावर, मिळालेल्या पैशांतून घेतो. कामाआधी पैसे मागणारा कोणीही असो, तेथून उठून यावे. आणि पैसे गेलेच असतील तर लाजेपोटी गप्प बसण्यापेक्षा, ऑनलाइन पाठवले असल्यास लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मी आठ महिन्यांनी जागा झालो.

कॉलशीट

मी सहायक दिग्दर्शक म्हणून आठ वर्षे काम केले असून त्यांपैकी पहिली पाच केवळ गर्दी हाताळण्यात गेली. मुनीमजींच्या कोबीची पाने ज्या मुलीने वळवली, तिचे काम मी केलेले आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने थोडे लिहितो.

आमच्या दृष्टीने उत्तम ज्युनियर कोण? सांगितलेल्या जागेवरून सांगितलेल्या क्षणी निघणारा, कॅमेऱ्याकडे न पाहणारा, नटाला सेल्फी न मागणारा आणि जेवणाच्या सुट्टीनंतर त्याच हातात तीच पिशवी घेऊन परतणारा. पुढच्या वेळी त्याचेच नाव आम्ही को-ऑर्डिनेटरला सांगतो. अशी दहा-बारा माणसे प्रत्येक युनिटला हवी असतात, आणि ज्यांचे महिन्याचे वीस दिवस भरतात ती हीच. चांगला चेहरा आम्ही पाहतो, नाही असे नाही, पण त्याला पुढे नेणे आमच्या हातात नसते.

या कामातून वर जाणारे पाहिले आहेत, मात्र ते अभिनयाकडे गेले नाहीत. सरोज खान समूहनृत्यात नाचत नाचत नृत्यदिग्दर्शिका झाल्या, हे सर्वज्ञात आहे. माझ्या डोळ्यांसमोरचे सांगायचे तर गर्दीतला एक मुलगा सतत वेशभूषा विभागाला इस्त्रीला मदत करीत असे, तो आता त्याच विभागात पगारावर आहे. दुसरा स्वतः को-ऑर्डिनेटर झाला. सेटवर रिकामे बसण्याचे जे अकरा तास ताईंनी सांगितले, त्यांत डोळे उघडे ठेवणाऱ्याला दुसरा धंदा सापडतो. मुनीमजींना हिशेब येतो. निर्मिती विभागात रोजच्या खर्चाची व्हाउचरे नीट लिहिणारा माणूस किती दुर्मीळ आहे याची त्यांना कल्पना नसेल. मी थट्टा करीत नाही.

आता एक चिंतेची बाब. ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत ‘गांधी’ चित्रपटातील अंत्ययात्रेचे चित्रीकरण झाले, तेव्हा सुमारे तीन लाख माणसे खरोखरच रस्त्यावर होती. त्यांत पैसे घेऊन आलेले थोडे आणि आपणहून आलेले जास्त होते. आज तोच प्रसंग दोन-तीनशे माणसांत होईल. तीच माणसे जागा बदलून चार वेळा उभी करायची आणि उरलेली गर्दी संगणकावर भरायची. आमच्या एका मैदानी सभेच्या प्रसंगात पाचशे ज्युनियरांची मागणी आयत्या वेळी एकशे वीसवर आली, कारण हिशेबात संगणक स्वस्त पडला. अमेरिकेत २०२३ साली नटांचा ११८ दिवसांचा संप झाला, त्यात पार्श्वभूमीतील कलाकारांचे शरीर एकदा स्कॅन करून ते पुनःपुन्हा वापरण्याचा प्रश्नही होता, आणि अखेरच्या करारात त्यासाठी संमती व मोबदल्याच्या अटी आल्या. आपल्याकडे ज्युनियर सकाळी गेटवर ज्या कागदावर सही करतो, तो वाचायला त्याला कोणी वेळ देत नाही. वाचावा, एवढेच सांगतो. मालिकांमधील बारा पाहुण्यांचे काम मात्र इतक्यात जाणार नाही, बारा माणसे अजून माणसांकडूनच स्वस्तात होतात.

कायद्याबद्दल: सिने-कामगाराशी लेखी करार करण्याची अट १९८१ च्या कायद्यापासून आहे, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत मालिका व वेब-निर्मितीतील माणसेही ‘दृक्श्राव्य कामगार’ म्हणून आली आहेत. एका दिवसासाठी आलेल्या ज्युनियरच्या हाती करार पडलेला मी आठ वर्षांत पाहिला नाही, तेव्हा पुरावा आपणच तयार करावा. त्या दिवसाचा व्हॉट्सॲप निरोप, सेटवरच्या हजेरीचे छायाचित्र, कपडे घातलेला स्वतःचा फोटो. तिसऱ्या दिवसाच्या सातशे रुपयांसाठी त्या गृहस्थांना फोन करू नका, तारीख, ठिकाण आणि रक्कम लिहून संदेश पाठवा आणि त्याची प्रत निर्मिती व्यवस्थापकालाही जाऊ द्या. पुष्कळदा निर्मात्याकडून पैसे सुटलेले असतात आणि मध्येच कोठेतरी मुरतात. शिवाय असंघटित कामगारांच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करा आणि बँकेतून वर्षाला वीस रुपयांचा दोन लाखांचा अपघात विमा काढून ठेवा. सेटवर उंचावर बसवलेले दिवे, जमिनीवर पसरलेल्या तारा आणि घाई ही तिन्ही एकाच ठिकाणी असतात.

नागपुरातच राहून हे करण्याविषयी सांगायचे तर, रामटेक परिसरात चित्रनगरी उभारण्याची घोषणा झालेली आहे. ती उभी राहून तेथे नियमित काम सुरू झाले तर चित्र बदलेल. तोवर बाहेरून आलेले युनिट वर्षातून काही दिवस माणसे मागते, एवढ्यावर घर चालणार नाही.

इतवारीचा मुनीम

सर्वांनी इतक्या सविस्तरपणे लिहिले, मनापासून आभार. ताईंची वही वाचून मी माझ्याच आकड्यांची बेरीज पुन्हा केली. नोकरी सोडत नाही. महिन्याला सहा हजारांची तूट आईला समजावून सांगण्याइतका अभिनय मला येत नाही.

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे एका संस्थेत चौकशी केली. पावसाळ्यानंतर तालमी सुरू होतील, तोवर वाचनाला येऊन बसा, असे ते म्हणाले. कॉलशीट यांच्या सांगण्यावरून तारीख, ठिकाण आणि रक्कम लिहून संदेश पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या आहेत, उत्तर नाही. निर्मिती व्यवस्थापकाचा क्रमांक मित्राकडून मिळवतो आहे.

मात्र मोह पूर्ण गेलेला नाही, हे कबूल करतो. आमच्याकडे ३१ मार्चपर्यंत मान वर करायला सवड नसते. त्यानंतर शेठजी दरवर्षी मला पंधरा दिवसांची रजा देतात. एप्रिलच्या उत्तरार्धात ती रजा घेऊन मुंबईला येतो, आत्याकडे विरारला राहतो आणि मिळतील तितके दिवस गर्दीत उभा राहतो. ताई, को-ऑर्डिनेटरशी आपण गाठ घालून द्याल का? आणि येताना काय आणावे?

नालासोपारा फास्ट

गाठ घालून देते. आमचे को-ऑर्डिनेटर पैसे उशिरा देतात पण देतात, नऊ वर्षांत एकदाही बुडवलेले नाहीत. पंधरा दिवसांत पाच-सहा दिवस काम मिळाले तरी चांगले म्हणा, आणि त्याचे पैसे जूनमध्ये खात्यावर येतील, तेव्हा परतीचे तिकीट आधीच काढून ठेवा. विरारला राहणार असाल तर नायगावची कामे सोयीची पडतील, गोरेगावच्या चित्रनगरीसाठी पहाटे निघावे लागेल.

फोटो तीन पाठवा: समोरून, बाजूने आणि पूर्ण उभा, साध्या भिंतीपुढे, चष्मा असेल तर एक चष्म्यासह. उंची आणि बुटाचा क्रमांक लिहा. येताना दोन एकरंगी शर्ट, एक कुर्ता-पायजमा, काळी पँट आणि काळे बूट आणा. पांढरा शर्ट दिव्यांखाली चटकन डोळ्यांत भरतो म्हणून बदलायला लावतात, छातीवर कंपनीचे नाव असलेला टी-शर्ट गेटवरूनच परत पाठवतात. मोबाइलचा चार्जर आणि लांब वायर आणा, जिन्याखाली प्लग एकच असतो. सुकी भाकरी-चटणी सोबत असू द्या, आमची जेवणाची रांग सगळ्यात शेवटची असते. आणि बारीक चौकडीचे शर्ट असतील तर ते नागपुरातच ठेवून या, कॅमेऱ्यात ती चौकडी थरथरते आणि मग माणसाला पार मागे, खांबाआड उभे करतात.